वाटेवरचे प्रश्न : पाऊण गुंठ्यातली डबी

मागच्या अंकात सोप्या पायवाटांबद्दल लिहिताना जिओकॅशिंगचा ओझरता उल्लेख आला होता. कुणीतरी एक डबी लपवतं, तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करतं. बाकीचे ती शोधतात, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहितात आणि डबी होती तिथे परत ठेवतात. एवढ्याच मजकुरावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली, म्हणून या महिन्याचं सदर याच विषयाला दिलं आहे. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. कागदावरचा आकडा घेऊन जमिनीवरची खूण शोधायची, यातच नोकरी गेली. त्यामुळे हा खेळ माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

प्रश्न : आमच्या आठवीच्या वर्गाची सहल पाटणादेवीला न्यायची आहे. तिथे मुलांना हा खेळ खेळवता येईल का? वेगळं यंत्र घ्यावं लागतं का? आणि हे मुळात सुरू कुठे झालं?
— एक शिक्षिका, अमळनेर

ताई, वेगळं यंत्र लागत नाही. साध्या स्मार्टफोनमधलं जीपीएस पुरतं, आणि त्याला रेंजही लागत नाही, कारण फोन उपग्रहांकडून नुसतं ऐकत असतो. नकाशा मात्र घरूनच डाउनलोड करून न्या. डोंगराच्या कुशीत नेटवर्क मिळेलच असं नाही.

सुरुवात अमेरिकेत झाली. तिथलं सरकार नागरी वापराच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. मे २००० च्या सुरुवातीला ही चूक काढून टाकली आणि एका रात्रीत आकडे नेमके झाले. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली, तीत वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू टाकल्या आणि जागेचे आकडे इंटरनेटवर लिहिले. काही दिवसांतच लोकांनी ती शोधून काढली. ती बादली अर्धवट पुरलेली होती. आज मात्र जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय पुरायला, खड्डा खणायला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे.

आता पाटणादेवी. ती जागा गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येते. तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय काहीही लपवून ठेवू नका, खडूची डबीसुद्धा नको. पण या खेळात डबी नसलेलाही एक प्रकार आहे, त्याला अर्थकॅश म्हणतात. ठरलेल्या जागी जायचं, तिथला खडक, पाणी, माती बघायची आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. अमेरिकेतल्या भूगर्भशास्त्र संस्थेने तो २००४ मध्ये सुरू केला. मुलांसाठी तसे प्रश्न तुम्हीच काढा. कड्यात लाव्ह्याचे थर किती दिसतात? खालच्या थराचा दगड आणि वरच्या थराचा दगड यांत फरक काय? ओढ्यातले गोटे गोल आणि उतारावरचे दगड टोकदार का?

आणि तिथल्या शिलालेखाबद्दल मुलांना जरूर सांगा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, असं तो तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा लेख सांगतो. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो उजेडात आणला. आकाशातल्या ग्रहांची जागा आकड्यांत पकडणाऱ्या माणसाची विद्या ज्या रानात शिकवली गेली, तिथे आपली मुलं अक्षांश-रेखांश हातात घेऊन चालणार आहेत. मला तर नुसत्या विचारानेच आनंद होतो.

प्रश्न : अप्पा, मी मूळचा जळगावचा, सध्या नोकरीनिमित्त जर्मनीत आहे. इथे नदीकाठच्या सपाट पायवाटेवर जागोजागी अशा डब्या आहेत. मोठ्या सापडतात, पण ज्यांना 'नॅनो' म्हणतात त्या काही केल्या सापडत नाहीत. फोन शून्य मीटर दाखवतो आणि तिथे काहीच नसतं. काय चुकतंय?
— एक तरुण अभियंता

तुझं काही चुकत नाही. तू फोनवर त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त भिस्त ठेवतो आहेस, एवढंच.

शंभर मिलिलिटरपेक्षा लहान डबीला मायक्रो म्हणतात. नॅनो त्याहून कितीतरी लहान, हरभऱ्याच्या टपोऱ्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, फिरकीचं झाकण असलेली आणि बुडाला चुंबक. आता हिशेब कर. चांगला फोन मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. पाच मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर क्षेत्र येतं ८४५ चौरस फुटांच्या आसपास. आपला गुंठा म्हणजे तेहतीस फुटी शंकू साखळीचा चौरस, १०८९ चौरस फूट. म्हणजे फोनने तुला पाऊण गुंठ्यात आणून सोडलं. 'शून्य मीटर' हा त्या पाऊण गुंठ्यातला त्याचा एक अंदाज. झाडाखाली, इमारतीला लागून किंवा पुलाखाली हा अंदाज आणखी बिघडतो, कारण उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतो. शिवाय ज्याने डबी लपवली त्याच्याही फोनची चूक त्या आकड्यात बसलेली असते. हल्ली मोजणी खात्याकडे रोव्हर नावाची उपग्रहावर चालणारी मोजणीयंत्रं आली आहेत, ती सेंटीमीटरमध्ये बोलतात. खिशातल्या फोनकडून ती अपेक्षा ठेवू नये.

मग करायचं काय? जवळ पोहोचल्यावर फोनवरच्या दिशादर्शक बाणाच्या मागे गोल गोल फिरू नकोस. उभ्या जागी बाण भरकटतो. वीस-तीस मीटर लांब जा आणि सरळ चालत ये, बाण कुठे रोखतो ते समोरची एखादी वस्तू धरून लक्षात ठेव. मग दुसऱ्या दिशेने तसंच कर, जमलं तर तिसऱ्याही. या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे उभा राहा. प्लेन टेबलवर, म्हणजे मोजणीच्या तिपाई फळीवर, आम्ही हेच करायचो.

आणि आता फोन खिशात ठेव. इथून पुढे तो काही कामाचा नाही.

पहिला प्रश्न स्वतःला विचार : इथे लोखंड कुठे आहे? नॅनो चुंबकाने चिकटते. लाकडाला, दगडाला, ॲल्युमिनियमला ती चिकटत नाही, स्टेनलेस स्टीलच्याही बऱ्याच प्रकारांना चिकटत नाही. या एका प्रश्नात पाऊण गुंठ्यातलं नव्वद टक्के बाद होतं. उरतं काय, तर कठड्याचे पाइप, माहितीफलकाचे पाय, बाकाखालची चौकट, खांबाचा नट-बोल्ट. यांच्याही वरच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर, सहसा काही नसतं. फलकाची मागची कड, बाकाच्या पट्टीची खालची बाजू, आडव्या पाइपाचं पोट अशा जागा बघ. बस, वाक, बाकाच्या पातळीवरून वर बघ. उभ्या माणसाला दिसत नाही ते पाच वर्षांच्या पोराला दिसतं.

दुसरा प्रश्न : इथे जोडी कुठे जुळत नाही? माणसाने केलेल्या वस्तूत एक शिस्त असते. चार बोल्ट असतील तर चौघांची अंतरं सारखी, गंज सारखा, रंग सारखा. आमच्या शिवारात गाडवाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक आहे. शेजारच्या शेतकऱ्यांना विचारून मी त्या वाटेवर घरच्या आणि गल्लीतल्या मुलांसाठी काही डब्या लावल्या, कुठेही जाहीर न करता. मुलं आली ती थेट कडुनिंबाच्या ढोलीकडे धावली. माझी नात मात्र फाटकापाशीच थबकली. तिने कशालाही हात लावला नाही. कितीतरी वेळ नुसती बिजागरीकडे बघत होती. मग म्हणाली, "अप्पा, या बाजूला तीन बोल्ट आणि त्या बाजूला चार का?" चौथ्या बोल्टाचं डोकं तिने चिमटीत धरलं आणि ते अलगद हातात आलं. मागे पोकळ, आत कागदाची सुरळी. इतका आनंद मला तिच्या प्रगतिपुस्तकानेही दिलेला नाही.

बांधाचा हरवलेला दगड शोधताना असंच असायचं. नकाशावरून साखळी टाकून आम्ही चार-पाच फुटांपर्यंत पोहोचायचो, आणि पुढे घाणेरीच्या जाळीत सगळे दगड सारखेच. तेव्हा गावातला जाणता माणूस काठीने एकाच दगडाला टोचायचा. त्याची एक कड टाकीने घडवलेली असायची, आपोआप फुटलेल्या दगडाला तशी सरळ कड नसते. दगडी भिंतीत किंवा ढिगाऱ्यात मायक्रो असेल तर तेच बघ. जागचा दगड वरून उन्हा-पावसाने काळवंडलेला, दगडफुलाचे पांढुरके ठिपके पडलेला असतो आणि खालून मातकट असतो. एखाद्याची मातकट बाजू वर आली असेल, तर त्याला कुणाचा तरी हात लागलेला आहे. झाडावर असेल तर बारीक तार बघ. फांदीला तारेची गाठ आपोआप पडत नाही.

शोधायला निघण्यापूर्वी त्या डबीची इंटरनेटवरची नोंद नीट वाचत जा. काठिण्य १ ते ५ मध्ये दिलेलं असतं. १ असेल तर चटकन दिसणारी जागा, तिथे फलक उचकटायची गरज नाही. आणि मागच्या चार-पाच जणांनी 'सापडली नाही' लिहिलं असेल तर ती बहुधा गेलेलीच आहे, तिच्यापायी संध्याकाळ घालवू नकोस.

प्रश्न : आकडे बरोबर टाकले तरी ॲप भलत्याच गावात नेतं. माझा फोन बिघडला आहे का?
— बारावीचा विद्यार्थी, शहादा

फोन ठीक आहे, टिंबाची जागा बघ. या खेळात आकडे अंश आणि दशांश मिनिटं असे देतात. उदाहरणार्थ, उत्तर २१° १२.३४५′, पूर्व ७५° ३४.५६७′. नकाशाच्या ॲपला बहुतेक वेळा नुसते दशांश अंश चालतात. तू मधलं चिन्ह गाळून २१.१२३४५ आणि ७५.३४५६७ असं टाकत असशील. एका अंशात साठ मिनिटं असतात, म्हणून मिनिटांना साठने भागून अंशात मिळवायचं. बरोबर आकडा होतो २१.२०५७५ आणि ७५.५७६१२. चुकीचा आकडा तुला यापासून दक्षिणेला नऊ आणि पश्चिमेला जवळपास चोवीस किलोमीटर नेऊन सोडतो. गाव भलतंच असणार!

आणि मिनिटाचा शेवटचा, तिसरा दशांश गाळू नकोस. आपल्या अक्षांशावर तो उत्तर-दक्षिण १.८५ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १.७३ मीटर भरतो. एवढ्याशा डबीसाठी तेवढाही फरक मोठा असतो.

प्रश्न : दोन मुलं आणि सासूबाई यांना घेऊन शेतरस्त्याने असं फिरायला आवडेल. पण बिळात, दगडाखाली हात घालायचा म्हणजे भीती वाटते.
— एक गृहिणी, पारोळा

ताई, भीती वाटते ते बरं आहे. एकच नियम घरात सगळ्यांना पाठ करून घ्या : जिथे डोळा पोहोचत नाही तिथे हात घालायचा नाही. आधी काठी, मग टॉर्च, मग हात.

आपल्याकडच्या मुरमाड, दगडगोट्यांच्या जमिनीत फुरसं असतं. ते लहान असतं, मातीच्या रंगाचं असतं आणि दगडाच्या सावलीत पडून राहतं. दगड उचलायचाच असेल तर त्याची पलीकडची कड धरून स्वतःकडे उचला. म्हणजे खालून जे काही निघेल ते पलीकडे निघतं आणि मध्ये दगडाची आड राहते. मुलांना हे घरच्या अंगणात विटेवर करून दाखवा, नुसतं सांगून लक्षात राहत नाही. उघड्या तोंडाच्या पाइपात बोट घालू देऊ नका. त्यात गांधीलमाश्या घर करतात. पायात बूट हवेत, चपला नकोत.

साप चावलाच तर चिरा देणं, रक्त चोखणं, दोरीने आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. चावलेला हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने थेट सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून किंवा पकडून सोबत नेण्याचा खटाटोप नको. लहान मुलाला विंचू चावला तरी घरगुती उपाय करत बसू नका, दवाखान्यात न्या.

आणि जायचं ते दिवाळीनंतर, होळीच्या आत. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्या उन्हात सासूबाईंना बांधावर उभं करू नका. सकाळी निघा, पाणी जास्त घ्या. कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून नेलात तर मुलं दुसऱ्या वेळी आपणहून विचारतील.

प्रश्न : आमची केळीची शेती आहे. गावात असा एक छोटा मार्ग तयार करावा म्हणतो. डब्या कुठे, कशा लपवाव्या?
— एक तरुण शेतकरी, रावेर

भाऊ, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. जरा सविस्तर लिहितो.

आधी जागा कुणाची ते बघा. सातबारा ज्याचा, परवानगी त्याची. बांध दोघांचा असतो, म्हणून दोघांनाही विचारा. कालव्याची कड पाटबंधारे खात्याची. सातपुड्यातल्या यावल अभयारण्यात वन खात्याला विचारल्याशिवाय काही ठेवायचं नाही. जुन्या वास्तूंच्या दगडांत तर काहीही खुपसू नका, मग तो किल्ला असो की लेणी. रेल्वे मार्ग तुमच्याच तालुक्यातून जातो, त्याच्या जवळपास नको. पूल, धरण, पाण्याची टाकी, डीपी, पंपाची स्टार्टरपेटी यांना हात लावायची वेळ कुणावर येता कामा नये. डीपीला चिकटवलेली डबी म्हणजे कुणाच्या तरी पोराच्या जिवाशी गाठ. देवळाच्या आवारात आणि गर्दीच्या जागीही नको. अनोळखी पेटी दिसली की लोक घाबरतात आणि पोलिसांची धावपळ होते. डबीवर 'खेळाची डबी, धोका नाही' असं मराठीत स्पष्ट लिहा आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला.

खेळाच्या नियमाप्रमाणे दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर लागतं, म्हणजे मैलाचा दहावा भाग. दीड-दोन किलोमीटरच्या शेतरस्त्यावर आठ-दहा डब्या सहज बसतात. जाहीर करण्यापूर्वी स्वयंसेवक प्रत्येक नोंद तपासतात. नंतर डबीची निगा राखणं तुमच्याकडे येतं. म्हणून सुट्टीपुरतं गावी येऊन डबी लपवून जाणाऱ्याची नोंद सहसा स्वीकारत नाहीत. तुम्ही तिथेच राहता, ही तुमची जमेची बाजू.

डबीसाठी माझी पसंती प्रीफॉर्मला. शीतपेयाची बाटली फुगवण्याआधी ती जाड नळीच्या रूपात असते, तिला बाटलीचंच झाकण बसतं. पाणी आत जात नाही, ऊन सोसते, किंमत नगण्य. औषधाच्या गोळ्यांच्या डब्या पावसाळ्यात दगा देतात. कॅमेऱ्याच्या रिळाची जुनी डबी हा या खेळातला मानाचा प्रकार, पण आता ती मिळत नाही आणि सैल झाकणाची असली तर पाणीही धरते. आत पेन्सिलीने लिहायला सांगा, शाई ओलीने पसरते. खायची वस्तू कधीही ठेवू नका. मुंग्या लागतात आणि उंदीर डबी कुरतडतात.

आता आपल्या मुलखाचं म्हणून काही. लपवण्यासाठी पीक खूण म्हणून धरू नका. केळी कापली की सगळं रान ओळखू येईनासं होतं, आणि पऱ्हाटी उपटल्यावर तर विचारायलाच नको. काळ्या मातीला टेकून काही ठेवू नका. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात आणि डबी आत उतरते, पहिल्या पावसात भेग मिटते आणि डबी कायमची जाते. फेब्रुवारी-मार्चनंतर लोक बांध पेटवतात, तेव्हा गवतातलं प्लास्टिक वितळून जातं. त्यामुळे जमिनीपासून कमरेएवढी उंची धरा : फाटक, तारेच्या कुंपणाचा लोखंडी अँगल, विहिरीच्या कठड्याबाहेरची दगडी कपार. कठड्याच्या आतल्या बाजूला अजिबात नको, कुणी ओणवं होऊन तोल जाईल.

ठिबकबद्दल वेगळं सांगतो, कारण ही युक्ती तुमच्या मनात येणारच. सोळा मिलिमीटरची काळी लॅटरल नळी, तिचा हातभर तुकडा, टोकाला एंड कॅप. आत कागदाची सुरळी छान बसते, आणि आपल्या शिवारात ती कुणाच्याही नजरेत भरत नाही. पण असा तुकडा चालू ठिबकच्या शेतात लावू नका. शोधणारा माणूस खऱ्या नळीची एंड कॅप काढून बघेल, पाणी सुटेल, दाब जाईल, आणि दोन दिवसांनी शेवटच्या ओळीतलं केळीचं झाड मान टाकेल. वाटेच्या सुरुवातीलाच पाटी लावा : 'शेतातली ठिबकची नळी, व्हॉल्व्ह, मोटर यांना हात लावू नये, डबी त्यात नाही.' ही ओळ नोंदीतही टाका.

शेवटची गोष्ट, वाटेवरच्या प्रत्येक शेतकऱ्याला एकदा सोबत घेऊन डब्या दाखवा. आमच्याकडे सुरुवातीला "काय धुंडी राह्यनात अप्पा?" म्हणून प्रत्येक जण थांबायचा. एकदा दाखवल्यावर तेच लोक डब्यांची राखण करू लागले.

प्रश्न : तरुणपणी लळिंगचा किल्ला पुष्कळदा चढलो. आता गुडघे साथ देत नाहीत. सपाट वाटेवर डब्या शोधण्यात माझ्यासारख्याला काय गोडी लागणार?
— निवृत्त बँक कर्मचारी, धुळे

या खेळात चालण्याचा कस आणि शोधण्याचा कस वेगवेगळा मोजतात, दोन्ही १ ते ५. वाट १ असेल तर चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही पोहोचता आलं पाहिजे असा अर्थ. त्याच वाटेवर शोधण्याचं काठिण्य ४ असू शकतं. तेव्हा गुडघ्यांचा प्रश्नच नाही. आपण आयुष्यभर खातेवह्या तपासल्या. शंभर नोंदींत न जुळणारी एक हेरायची नजर आपल्याकडे आहे, आणि ती इथे भल्याभल्या गिर्यारोहकांकडे नसते.

जवळपास जाहीर झालेली डबी नसेल तर थांबू नका. आपल्या देशात त्या अजून विरळच आहेत. नकाणे तलावाकडे किंवा पांझरेकाठी फिरायला जाताना नातवाने आदल्या दिवशी फोनवर एखाद्या बाकाचा आकडा घ्यावा आणि आपण दुसऱ्या दिवशी तो बाक कोणता ते ओळखावं. डबी लागतच नाही. बाकाच्या खालच्या पट्टीवर काय लिहिलं आहे, खांबाचा क्रमांक किती, अशी एक खूण सांगितली की झालं. मग डाव उलटा करा, आकडा आपण घ्या. मी हे करायला लागल्यापासून रोजच्या रस्त्यावरची झाडंसुद्धा मला वेगवेगळी ओळखू येतात. पूर्वी मोजणीच्या कामावर असतानाच तशी यायची. आपल्यालाही तसंच होईल याची मला खात्री आहे.

प्रश्न : डबीतली वस्तू घेऊन आपली ठेवायची असते ना? मग नॅनोमध्ये काय ठेवायचं? आणि एकदा कागद बाहेर काढला की तो परत आत जातच नाही!
— एक कॉलेज विद्यार्थिनी, भुसावळ

वस्तूंची अदलाबदल मोठ्या डब्यांत असते. तिथेही घेतलं त्याच तोलाचं किंवा जास्तीचं ठेवायचं. नॅनोमध्ये फक्त कागद असतो. पेन्सिलही मावत नाही, ती आपली न्यायची, आणि टोक बारीक हवं.

कागदाची पट्टी करंगळीच्या नखाहून अरुंद असते. बाहेर काढताना टाचणीने किंवा चिमट्याने मधला पापुद्रा धरून ओढ, कडेने ओढलीस तर फाटते. मांडी घालून बस आणि झाकण रुमालावर ठेव, गवतात पडलं तर सापडणार नाही. नाव पूर्ण लिहू नकोस, टोपणनावाची दोन-तीन अक्षरं आणि तारीख पुरे, पुढच्यांनाही जागा लागते. गुंडाळताना दात कोरायची काडी घे. पट्टीचं कोरं टोक काडीवर दाबून धर आणि दोन्ही हातांच्या चिमटीत घट्ट फिरवत जा. पहिले दोन वेढे सैल गेले तर पुढची सगळी सुरळी जाड होते, तेव्हा पुन्हा सुरुवात कर. पूर्ण झाल्यावर काडी तशीच ठेवून सुरळी झाकणात उतरव आणि मग काडी उलटी फिरवून अलगद काढून घे. झाकणाच्या काठाला कागद अडकता कामा नये. अडकला तर आटे तिरके बसतात आणि रबराची चकती पाणी अडवत नाही. जोर लावून पिळू नकोस, हाताला थांबल्यासारखं वाटलं की बस.

कागद ओला असेल तर उलगडायच्या फंदात पडू नकोस, लगदा होईल. तसाच आत ठेव आणि कागद बदलायची गरज आहे असं डबीच्या मालकाला नोंदीतून कळव. कोरडी पट्टी सोबत असेल तर जुनीच्या शेजारी ठेवली तरी चालते, पण जुनी फेकू नकोस. तिच्यावरच्या नोंदी डबीच्या मालकाला पडताळायच्या असतात.